पेरूचा समुद्र आणि आमच्या छत्र्या

आमच्या घरात पावसावर पोट असलेली दोन माणसं होती, आणि ती दोघं एकमेकांशी पावसाबद्दल अवाक्षर काढत नसत. बाबांचं कसबा पेठेत छत्र्यांचं दुकान होतं. आई हवामानाच्या कचेरीत नोकरीला होती. लोकांना याची फार गंमत वाटायची. आम्ही शनिवार पेठेत ज्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो तिथले शेजारी जिन्यात भेटले की हमखास म्हणायचे, ‘‘तुमचं बरं आहे, एकानं पाऊस सांगायचा, दुसऱ्यानं छत्री विकायची.’’ बाबा नुसते हसायचे. आई हसतही नसे. मी तेव्हा नुकतीच बारावी झाले होते, निकाल लागला होता, कॉलेज सुरू व्हायचं होतं, आणि पुढे काय शिकायचं हे ठरत नव्हतं. त्या उन्हाळ्यापासून गणपतीपर्यंतचे ते दिवस मला अजून अंगात जाणवतात. कशातच मन लागत नव्हतं. पुस्तक उघडलं की गच्चीवर जावंसं वाटायचं, गच्चीवर गेलं की खाली.

दुकान लांबट आणि अरुंद होतं. पुढे फळीवर माझे काका बसायचे, बाबांचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केलं नव्हतं; ते आमच्याच इमारतीत खाली राहायचे आणि आमच्याकडे जेवायचे. ‘‘गिऱ्हाईकांचं ऐकून घ्यायची सवय आहे, बायकोचं वेगळं कशाला?’’ असं ते म्हणायचे. मागे बाबा आणि दोन कारागीर. शिवणयंत्राचा एकसुरी आवाज, काड्या तारेनं बांधताना होणारी किणकिण, आणि मध्येच तयार छत्री उघडून बघताना होणारा तो मोठा फट् आवाज. प्रत्येक छत्री बाबा स्वतः उघडून बघत. दुकानात छत्री उघडू नये, अपशकुन होतो, असं एका गिऱ्हाईकानं सांगितलं तेव्हा काका म्हणाले होते, ‘‘आपण बाहेर उन्हात उभे राहा, आम्ही अपशकुन उरकून घेतो.’’ मे महिन्यात दुकानाला काळ्या कापडाचा आणि मेणाचा वास यायचा. तो वास मला अजूनही कुठे आला तर मी थांबून मागे वळून बघते.

आई वाशीमकडची. एम.एस्सी. करायला पुण्यात आली आणि इथलीच झाली, पण रागावली की तिची भाषा गावाला परत जायची. कचेरीत ती मोठमोठ्या नकाशांवर समुद्राच्या पाण्याचं तापमान मांडायची. जगभरातून आकडे यायचे, जहाजांवरून, बेटांवरून. ते नकाशावर भरून सारख्या तापमानाच्या रेषा हातानं काढायच्या, मग रंगवायच्या. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला कायम तांबडा डाग असे, कारण गरम पाणी तांबड्या पेन्सिलनं दाखवायचं. लहानपणी मी तिला विचारलं होतं, ‘‘तू कुठला समुद्र रंगवतेस?’’ तर म्हणाली, ‘‘पेरूचा.’’ काका शेजारीच होते. म्हणाले, ‘‘पेरूचा समुद्र कशाला हवा, मंडईत पाटीनं मिळतात.’’ तेव्हापासून आमच्याकडे आईच्या नोकरीला ‘पेरूचा समुद्र’ असंच नाव पडलं. आज रिक्षावालासुद्धा सिग्नलला थांबल्यावर ‘‘यंदा एल निनो आहे म्हणतात ताई’’ असं सांगतो. मोबाइलवर समुद्राचे रंगीत नकाशे फिरतात. त्या काळी शनिवार पेठेत ते नाव माहीत असलेली बाई एकच होती, आणि ती घरी ते नाव घेत नसे.

छत्र्यांचा माल उन्हाळ्याच्या आधीच मागवावा लागतो. कापड, काड्या, दांडे, सगळं मुंबईहून यायचं. आदल्या वर्षी पाऊस छान झाला होता, दुकानात माल पुरला नव्हता, आणि शेजारचा गाळा रिकामा होत होता. बाबांच्या मनात तो घ्यायचं होतं. एका सकाळी काका जेवायला बसले असताना आईला म्हणाले, ‘‘सुमन, काय म्हणतंय तुझं आकाश? यंदा जरा मोठी उडी मारावी म्हणतोय आम्ही.’’

आई पोळी भाजत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. ‘‘भाऊजी, ऑफिसचं ऑफिसात,’’ ती म्हणाली.

‘‘अगं, देवाला विचारलं तर कौल तरी देतो.’’

‘‘मग देवालाच विचारा.’’

बाबा हसले. काकाही हसले. तिचा नेम ठाऊक होता आम्हाला. कचेरीकडून जाहीर झाल्याशिवाय बाहेर बोलायचं नाही, असा तिथला नियम होता आणि आई नियमाची पक्की. उडी मारली गेली. शेजारचा गाळा घेतला, त्याला हिरवा रंग दिला, आणि मे संपेपर्यंत दोन्ही गाळे छतापर्यंत छत्र्यांनी भरले. बायकांसाठी फुलाफुलांच्या, शाळेच्या मुलांसाठी रंगीत, आणि मधोमध काळ्या, शिस्तीत.

जून आला. ढगही आले, पण ते थांबेनात. पश्चिमेकडून असा वारा सुटायचा की गच्चीवरच्या दोऱ्या शिट्ट्या मारायच्या, आणि ढग पर्वतीवरून पूर्वेकडे पळत सुटायचे, जणू त्यांची कुठेतरी गाडी चुकत होती. कधी चार शिंतोडे पडायचे. लोक वर बघायचे आणि चालू लागायचे. जुलैही तसाच. आमच्याकडे आता नळाला दिवसाआड पाणी यायचं. पहाटे नळातून आधी नुसती हवा फुसफुसायची, तो आवाज ऐकून सगळी इमारत जागी व्हायची, बादल्या आपटायच्या. आम्ही ताटं कमी घासावी लागावीत म्हणून पिठलं-भाकरी हातावर घेऊन खायचो. एका रविवारी मैत्रिणींबरोबर मी खडकवासल्याला गेले. दरवर्षी ज्या काठावर उभं राहून कणसं खायची तिथून पाणी खूप लांब गेलं होतं. मधल्या चिखलाच्या भेगांतून आम्ही चालत गेलो. मैत्रिणी हसत-खिदळत होत्या. मला मात्र कोणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटत होतं. मी लवकर निघू या म्हणून कटकट केली.

त्याच जुलैत आईनं कुरडयांचा घाट घातला. कुरडया, सांडगे ही चैत्र-वैशाखातली कामं. जुलैत ती कोणी करत नाही, कारण ऊन नसतं. यंदा ऊन होतं. आईनं गहू भिजवले, चीक काढला आणि सुट्टीच्या दिवशी गच्चीवर जुन्या साडीवर ओळीनं कुरडया घातल्या. इमारतीतल्या बायका दारातून बघत होत्या. ते बघणं मला सहन होईना. ‘‘आई, लोक काय म्हणतील? आषाढात कुरडया?’’ मी म्हटलं. ती सोऱ्या दाबतच राहिली. म्हणाली, ‘‘हात रिकामे राहिले की मले काही सुधरत नाही.’’ ‘मले’ ऐकलं तेव्हाच मला कळायला हवं होतं की तिच्या मनात काहीतरी खदखदतंय.

ते बाहेर पडलं एका रविवारी सकाळी. आईच्या कचेरीतला शिंदे नावाचा तरुण मुलगा काही नकाशे द्यायला आला होता. आईनं त्याला पोह्यांसाठी थांबवलं. बाबा आणि काका समोरच बसले होते. बोलणं पावसावर आलं, तेव्हा दुसऱ्या कशावर येणार? शिंदे मोठ्या कौतुकानं म्हणाला, ‘‘मॅडमनी तर उन्हाळ्याच्या आधीच सांगितलं होतं आम्हाला. पेरूपासून निम्म्या प्रशांत महासागरापर्यंत पाणी तापलंय, यंदा आपल्याकडे काही खरं नाही म्हणून. साहेबांचाही विश्वास बसत नव्हता.’’

त्याला वाटलं असणार, घरच्यांना अभिमान वाटेल. काकांचा चमचा बशीवर आपटला. ‘‘म्हणजे घरच्यांना सोडून सगळ्यांना सांगितलं होतं,’’ ते म्हणाले. बिचारा शिंदे एकदा आईकडे, एकदा काकांकडे बघत राहिला, आणि पोहे अर्धे टाकून निघून गेला.

बाबांनी आईला एवढंच विचारलं, ‘‘खरं का?’’

‘‘हो,’’ आई म्हणाली.

बाबा उठले, हात धुतले आणि दुकानात गेले. रविवारी दुकान बंद असायचं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. बाबा आईशी बोलायचे ते माझ्यामार्फत. ‘‘मंजू, आईला सांग, मला चहा नको.’’ आई समोरच चहा गाळत असायची. काका तर रोज काहीतरी फेकायचे. ‘‘घरात विहीर आणि आम्ही तहानलेले.’’ एकदा आईचा बांध फुटला. ती हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आली. ‘‘भाऊजी, म्या कायले लपवू? मले काय दुकान बुडवायचं होतं? माहीत असतं तर नसतं सांगितलं का बाप्पा!’’

‘‘माहीत नव्हतं? मग त्या पोराला काय सांगितलंस?’’

‘‘त्याले सांगितलं ते काम होतं. तुम्हाले सांगितलं असतं तर तो शब्द झाला असता.’’

काकांना हे पटलं नाही आणि मला समजलं नाही. संध्याकाळी ती कुरडया गोळा करायला गच्चीवर गेली तेव्हा मी मागोमाग गेले आणि सरळ विचारलं, ‘‘तू सांगितलं का नाहीस? नियम होता म्हणून?’’ आईनं कुरडया डब्यात रचायला घेतल्या. मग तिनं जे सांगितलं ते मला पहिल्यांदाच कळत होतं. नोकरीला लागली त्या पहिल्याच वर्षी ती सुट्टीत माहेरी गेली होती. माझे आजोबा पेरणीच्या तयारीत होते. लेक हवामानाच्या कचेरीत, सगळ्या गावाला त्याचं अप्रूप. त्यांनी विचारलं, आणि हिनं नकाशांवरून जे वाटलं ते सांगून टाकलं, पाऊस उशिरा येईल, थांबा. ते थांबले. पाऊस वेळेवर आला, आणि नंतर जमिनीत वाफसाच होईना, चिखलात पेरता येईना. सगळ्या शिवारात पीक उभं राहिलं, आजोबांचं मागे पडलं.

‘‘रागावले?’’ मी विचारलं.

‘‘एका शब्दानं नाही,’’ आई म्हणाली. ‘‘पण त्यानंतर त्यांनी मला पावसाचं कधी विचारलं नाही. मरेपर्यंत नाही. मी गेले की गाईचं बोलायचे, पोस्टमनचं बोलायचे.’’

मग तिनं मला खाली नेऊन परातीत तांब्याभर पाणी ओतलं. त्या दिवसांत तांब्याभर पाणी म्हणजे चैन होती. ‘‘हा प्रशांत महासागर. इकडे पेरू, तिकडे आपला आशिया. वारा नेहमी पेरूकडून इकडे वाहतो.’’ तिनं फुंकर मारली. ‘‘वरचं तापलेलं पाणी असं ढकलत ढकलत आपल्या बाजूला येऊन साचतं. जिथं गरम पाणी, तिथं वाफ, तिथं ढग. काही वर्षी हा वारा दमतो. मग ते गरम पाणी परत पेरूकडे सरकतं, आणि ढगांचा सगळा बाजार त्याच्या मागे तिकडे जातो. आपल्यावरची हवा वरून दाबल्यासारखी होते. ढग येतात, पण उभे राहत नाहीत.’’

‘‘मग यंदा तसंच झालंय. तू बरोबरच होतीस.’’

‘‘यंदा. पण असं झालं की दर वेळी आपल्याकडे दुष्काळच पडतो असं नाही ना. मध्ये आपला समुद्र आहे. तो कधी त्याचं ऐकतो, कधी ऐकत नाही. का ऐकत नाही, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. आणि सगळ्या देशाचा पाऊस कमी म्हटला तरी कसबा पेठेत किती पडेल हे त्या नकाशात नसतं मंजू. लोकांना कसबा पेठेचंच ऐकायचं असतं.’’

आपल्या समुद्राच्या त्या लहरीपणाला शास्त्रज्ञांनी पुढे नावंही दिली आणि सूत्रंही मांडली. आई तेव्हा निवृत्तीला आली होती. मी तिला पेपरमधलं कात्रण दाखवलं तर म्हणाली, ‘‘चला, नाव तरी ठेवलं.’’ आणि अजूनही दर वर्षी मी बघते, देशाचा पाऊस कमी असं सगळे सांगत असतात आणि त्याच वर्षी एखाद्या आठवड्यात धरणातून पाणी सोडून नदीकाठच्या सोसायट्यांत होड्या फिरवाव्या लागतात.

ऑगस्ट निम्मा झाला आणि चिपळूणचा एक व्यापारी दुकानात आला. कोकणात पाऊस होता, कमी का होईना. तो सगळा माल एकगठ्ठा उचलायला तयार होता, पडत्या भावानं. काका म्हणाले, देऊन टाकू आणि गाळा सोडू. बाबा म्हणाले, उद्या सांगतो. त्या संध्याकाळी बाबा घरी आले आणि किती आठवड्यांनी प्रथमच माझ्यामार्फत न बोलता थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

‘‘सुमन,’’ ते म्हणाले, ‘‘मी नियम मोडायला सांगत नाहीये. पण तुला काय वाटतं तेवढं सांग. येईल?’’

आईनं गॅस बंद केला. मी दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. तिचा चेहरा मला आठवतो, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा. ‘‘बंगालच्या उपसागरात काहीतरी तयार होतंय,’’ ती म्हणाली. ‘‘आजच्या पेपरात आलंय तेवढंच सांगते. ते आत शिरलं आणि सरळ पश्चिमेला आलं, तर या आठवड्यात आपल्याकडे चांगला पाऊस होईल. मला वाटतं, येईल. वाटतं हं.’’

बाबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी चिपळूणचा माणूस हात हलवत परत गेला. काका कपाळाला हात लावून बसले.

तो आठवडा मी खिडकीतच काढला. दोनदा आभाळ इतकं गडद झालं की काकांनी फुलाफुलांच्या छत्र्या बाहेर टांगल्या. कारागीर चहा टाकून दारात येऊन उभे राहिले. वारा पडला, उकाडा वाढला, मातीचा वास आला असं मला वाटलं. मग पुन्हा तो पश्चिमेचा वारा सुटला आणि सगळं पांगलं. उपसागरातलं ते जे काही होतं ते किनाऱ्यावर आलं आणि पश्चिमेकडे यायचं सोडून उत्तरेला वळलं, आणि तिकडेच कुठेतरी विरून गेलं. आई कचेरीतून घरी आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. बाबा आणि काका आधीच आलेले होते. कोणी दिवा लावला नव्हता.

‘‘वळलं,’’ आई म्हणाली. ‘‘माझं चुकलं.’’

काका म्हणाले, ‘‘आधी सांगितलं नाही म्हणून बुडालो, आता सांगितलं म्हणून बुडालो. तुझ्या बायकोचं शास्त्र आपल्याला परवडणारं नाही रे.’’

मला वाटलं, आता बाबा काहीतरी भयंकर बोलणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच बोलणार नाहीत. बाबा मवाळ माणूस. थोरल्या भावापुढे त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. ते म्हणाले, ‘‘दादा, ती ‘वाटतं’ म्हणाली होती. दोनदा म्हणाली. ऐकताना ‘नक्की’ आपण ऐकलं. आणि व्यापाऱ्याला नाही तिनं म्हटलेलं नाही, मी म्हटलंय.’’ मग आईकडे वळून, ‘‘आणि तू चप्पल काढ. उद्या काय वाटतं ते उद्या सांग.’’

आई रडेल असं मला वाटलं होतं. ती उठली, चप्पल काढली, हात-पाय धुतले आणि डब्यातून मूठभर कुरडया काढून तळायला घेतल्या. तेलात त्या फुलल्याचा आवाज आला तेव्हा कुठे काकांनी उठून दिवा लावला. आम्ही चौघांनी पिठल्याबरोबर कुरडया खाल्ल्या. फार सुरेख झाल्या होत्या. आषाढातलं कडक ऊन लागलेलं होतं त्यांना.

आमचं नुकसान झालं ते झालंच, त्यात काही चमत्कार घडला नाही. हिरवा गाळा गणपतीनंतर सोडावा लागला. राहिलेला माल बाबांनी कापडात गुंडाळून घरी आणला आणि वर्षभर आमच्या पलंगांखाली छत्र्या होत्या. मी संख्याशास्त्र घेतलं. का घेतलं असं त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. नंतर तीस वर्षं मी तोच विषय शिकवला, आणि दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना ‘वाटतं’ आणि ‘नक्की’ यांच्यामध्ये किती जागा असते हे सांगताना मला आमचं अंधारं स्वयंपाकघर दिसायचं. आईचं म्हणाल तर तिला कचेरीत कधीपासून अंदाज बांधणाऱ्या गटात बोलावत होते आणि ती काही ना काही कारण काढून नकाशांनाच चिकटून राहिली होती. दिवाळीनंतर ती त्या गटात गेली. घरी येऊन तिनं एवढंच सांगितलं की आता बसायला खिडकीजवळ जागा मिळाली आहे.

पुढच्या वर्षी माल मागवायची वेळ आली तोवर कचेरीचं जे जाहीर व्हायचं ते झालं होतं. पेपरमध्ये छापूनही आलं होतं. तरी काका एका सकाळी मुद्दाम वर आले, स्वयंपाकघरात पाट ओढून बसले आणि घसा खाकरला.

‘‘सुमन, पेपर वाचला मी. तुला काय वाटतंय ते सांग.’’

आईनं सांगितलं. पेरूचं पाणी गार होत चाललंय, वारा पुन्हा जोर धरतोय, पाऊस बरा व्हावा. तिनं सगळं सांगितलं, आपल्या समुद्राचंसुद्धा, आणि काकांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘नक्की?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नक्की नाही,’’ आई म्हणाली.

काकांनी मान डोलावली. ‘‘बरं,’’ ते म्हणाले, ‘‘मग चहा टाक, आणि तुझ्या नवऱ्याला उठव. माल मागवायचाय.’’